ताडकळस रोडवरची तोतया गाडी

"सोळंके, हा तुमचाच माणूस ना?"

एलसीबीच्या पीआय साहेबांनी मला बसासुद्धा म्हटलं नव्हतं. एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. जिल्ह्यातले अवघड तपास तिकडे जातात. त्यांच्या केबिनच्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता आणि त्या बाकावर मिलिंद खंदारे बसला होता. मिलिंद म्हणजे आमच्या गाड्यांवर रेडियम लावणारा कारागीर. सकाळपासून त्याला बसवून ठेवलं होतं. अटक नाही, नोंद नाही, नुसता बसवलेला. या शब्दाचा आमच्या खात्यात काय अर्थ होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा जीव त्या बाकावर टेकल्या टेकल्या अर्धा होतो.

"काम त्याला मी दिलं," मी म्हणालो. "झालं काय ते तर सांगा."

"पोलिसांची डुप्लिकेट गाडी तयार करून दिलीय त्यानं. कुणाला दिली, तेवढं सांगत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत नाव आलं नाही तर अटक करतो आणि शेडला सील ठोकतो."

मिलिंदची शिफारस माझी होती.

मी पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात होतो. सगळे त्याला एमटी म्हणतात. चोरामागे धावणं हे आमचं काम नव्हे. ज्या गाडीतून चोरामागे धावायचं ती किल्ली फिरवल्यावर सुरू झाली पाहिजे, हे आमचं काम. टायर, बॅटरी, डिझेल, रंग, अपघात, शेवटी लिलाव. त्या खुर्चीत बसलेला माणूस संशयी होतोच, नाहीतर लोक त्याला विकून खातील. गाडी परत आली की मी आधी डिझेलचा काटा बघायचो, मग किलोमीटर आणि मग ड्रायव्हरचं तोंड. भाजीवाल्याकडंसुद्धा आरोपीसारखं बघता, असं आमच्या घरातून नेहमी ऐकावं लागायचं. बघत असेन. वांगी किडकी निघतात त्याला मी काय करू?

तर त्या हिवाळ्यात वरून आदेश आला, की पेट्रोलिंगच्या सगळ्या गाड्यांचा पेहराव बदलायचा. आधी पांढऱ्या गाडीवर एक निळा पट्टा आणि 'पोलीस' एवढंच असायचं. नव्या नमुन्यात निळ्या-पिवळ्या चौकटी होत्या, दारावर मोठं चिन्ह होतं आणि हे सगळं रेडियममध्ये. रेडियम म्हणजे एक चिकटणारी शीट. तिच्यावर उजेड पडला की तो तसाच माघारी फिरतो, त्यामुळे अंधारात समोरच्याच्या हेडलाइटमध्ये गाडी लांबून चमकते. शाळेत शिकवतात त्या रेडियमशी तिचा काडीचा संबंध नाही, पण दुकानदारापासून एसपी साहेबांपर्यंत सगळे तिला रेडियमच म्हणतात.

लोकांना वाटतं स्टिकर चिकटवला की झालं. तसं नसतं. आधी जुना पट्टा हीट गननं गरम करून सोलायचा. हीट गन म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, बायकांच्या केस वाळवायच्या यंत्राचा थोरला भाऊ. मग खालचा गोंद पुसायचा, डेंट काढायचे, पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, तो वाळू द्यायचा. त्यानंतर कॉम्प्युटरला जोडलेल्या कटरवर शीट कापायची आणि पट्टीनं दाबत दाबत, एकही बुडबुडा न ठेवता बसवायची. थंडीत शीट आखडते, नीट धरत नाही. त्यामुळे काम रेंगाळत होतं.

वरून एक ताकीद होती. पालकमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण व्हायचं होतं. ते होईपर्यंत नव्या नमुन्याची एकही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. झालेल्या गाड्या मुख्यालयात ताडपत्रीखाली उभ्या होत्या आणि किल्ल्या माझ्या कपाटात. मिलिंदकडे गेलेल्या गाड्या रेकॉर्डला 'ऑफ रोड' होत्या. ऑफ रोड म्हणजे दुरुस्तीला गेलेली, ड्युटीला नसलेली गाडी.

मिलिंदचं शेड परभणीतच, वसमत रोडला. पत्र्याचं, लांबट, चिंचोळं. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत. त्यात आमची गाडी घातली की भिंतीकडून मांजरसुद्धा जाणार नाही, अशी गत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणालो, अरे इथं काम होणार कसं? तो म्हणाला, "होतंय साहेब, तुमी गाड्या तर पाठवा." बोलणं एवढंच. माणूस अबोल, पण हात सोन्याचा. शहरातल्या निम्म्या स्कूल बस आणि जयंतीचे चित्ररथ त्याच्याच हातचे. कॉम्प्युटर त्याची बायको सुनीता बघायची.

आता ते प्रकरण कुठून सुरू झालं, ते सांगतो. ताडकळसजवळच्या एका वस्तीवर गयाबाई म्हणून बाई राहायच्या. मजुरी करून पोट भरणाऱ्या. त्यांनी घरच्या शेळीचा एक बोकड वाढवला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी दोर हातात धरून त्या बोकडाला घेऊन ताडकळसच्या बाजाराला पायी निघाल्या. थंडी मरणाची. मागून पोलिसांची गाडी आली, त्यांच्या शेजारी थांबली. जॅकेट आणि कानटोपी घातलेला एक जण उतरला. म्हणाला, हा बोकड चोरीचा आहे, पावती दाखव. आता घरच्या शेळीच्या पिल्लाची पावती कोण करतं? गयाबाई हेच सांगत राहिल्या. त्यानं ऐकून घेतलं नाही. बोकड मागच्या दारानं आत टाकला, ठाण्यात येऊन खात्री पटवून दे म्हणाला, आणि गाडी गेली.

गयाबाई ठाण्यात गेल्या. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. बोकड पकडून आणलाय का, असं विचारल्यावर जो तो हसला. दुसरी बाई असती तर रडत घरी गेली असती. या संध्याकाळपर्यंत पायरीवर बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतली चार माणसं घेऊन थेट परभणीला एसपी ऑफिसला आल्या. तेव्हा कुठं फिर्याद दाखल झाली.

गाडी कशी होती, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यानं सगळ्या ऑफिसच्या माना वळल्या. त्या म्हणाल्या, गाडी नवी होती, दारावर निळ्या-पिवळ्या चौकटी होत्या.

तसली गाडी तर अजून जिल्ह्यात कुठं निघालीच नव्हती. झालेल्या गाड्या ताडपत्रीखाली, किल्ल्या माझ्याकडे. मी स्वतः एकेक ताडपत्री उचलून बघितली, टायर बघितले, किलोमीटर बघितले. एकही हललेली नव्हती. मग ताडकळस रोडवर चौकटीची गाडी आली कुठून? पीआय साहेबांचं उत्तर तयार होतं. ही तोतया गाडी. कुणीतरी पांढरी गाडी आणली आणि तिच्यावर आपला नवा नमुना चढवून घेतला. तो नमुना आणि ती शीट साऱ्या जिल्ह्यात एकाच माणसाकडे होती.

हिशेब इतका सरळ बसत होता की मलाही त्यात फट दिसेना.

बाकावर मिलिंदशेजारी मी जाऊन बसलो. हळू आवाजात विचारलं, कुणाला करून दिलंस? तो म्हणाला, कुणालाच नाही. मी म्हणालो, मग तुझ्या शेडमधून कुणी गाडी नेली का? यावर त्यानं चटकन पीआय साहेबांच्या दाराकडं बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडं. तिकडं बघतच "न्हाई" म्हणाला.

मी हजारो ड्रायव्हरांची तोंडं वाचली आहेत. हा माणूस काहीतरी लपवत होता. मला इतका संताप आला की तिथंच त्याची गचांडी धरावी असं वाटलं. ज्याच्यासाठी मी साहेबांकडे शब्द टाकला, त्यानं माझंच नाक कापलं, असं धरून मी उठलो.

इकडं बातमी फुटली होती. 'तोतया पोलिसांची टोळी' म्हणून गावोगावच्या मोबाइलवर मेसेज फिरायला लागले. काहींत ही टोळी बोकडाच्या जागी मुलं पळवायला लागली. लोकांनी खऱ्या गाड्या अडवायला सुरुवात केली. चारठाणा गावाजवळ आमच्या एका पेट्रोलिंगच्या गाडीला गावकऱ्यांनी घेरलं, ओळखपत्रं मागितली, त्यांचे फोटो काढले आणि ठाण्याला फोन लावून खात्री केल्यावरच सोडलं. त्या गाडीचा हवालदार मला फोनवर म्हणाला, "साहेब, आमची गाडी खरी हाय म्हणून एमटीचा एक दाखला तरी द्या की." मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. एखाद्या गावात दगड उचलला असता तर दाखला कुणी वाचला असता?

पीआय साहेबांनी मला हुकूम दिला, की शेडमध्ये जाऊन किती शीट शिल्लक आहे, किती वापरली, ते तपासून द्या. अटकेला आधार पाहिजे होता. मी हो म्हणालो. पण निघण्याआधी तपासाची कागदं चाळली, कारण दुसऱ्यानं सांगितलेलं मी जसंच्या तसं गिळत नाही. त्यात आणखी एका साक्षीदाराचा जबाब होता. मुंजाजी आप्पा नावाचे शेतकरी. त्यांचं रान नेमकं त्याच जागी, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. त्यांनीही गाडी बघितली होती, बोकड उचलताना बघितलं होतं. आणि त्यांनी सांगितलं होतं, की गाडी जुनीच होती, निळ्या पट्ट्याची.

पीआय साहेबांनी तो जबाब बाजूला ठेवला होता. म्हातारा माणूस, लांबून बघितलं, नजर कच्ची, असं त्यांचं म्हणणं. मला वेगळाच वास आला. मिलिंदला वाचवायला या म्हाताऱ्याला कुणी पढवलं तर नसेल?

म्हणून दुसऱ्या दिवशी शेडकडे जायच्या आधी मोटारसायकल ताडकळस रोडला घातली. मुंजाजी आप्पा हरभऱ्याला पाणी देत होते. मी एमटीचा म्हटल्यावर आधी त्यांनी माझंच ओळखपत्र मागितलं. ते उलटसुलट करून बघितलं, माझ्या तोंडाशी ताडून बघितलं, मग खिशातली तंबाखू काढली.

"निळा पट्टा हुता," आप्पा म्हणाले. "दर बाजाराला ती गाडी हितून जाती. मला काय कळत न्हाई व्हय? त्या तुमच्या सायबानं लिहून घेतलं आन मला म्हनला, आप्पा चष्मा लावा. ह्या बांधावरून मला तिकडच्या लिंबावरचा होला दिसतो."

मी आडवेतिडवे प्रश्न विचारले. मिलिंद खंदारे कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. परभणीला ते दवाखान्याशिवाय जात नव्हते. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

तिथून वस्तीवर गेलो. गयाबाई सरपण फोडत होत्या. त्यांना म्हटलं, मावशी, गाडी जुनी असेल, निळा पट्टा असेल, आठवून बघा. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"सायब, माझ्या हातातनं दोर हिसकला तवा मी त्या दाराला धरून हुते," त्या म्हणाल्या. "चौकटी माझ्या डोळ्याम्होरं हुत्या. तुमी सगळे मला येडी ठरवायला आलाव का?"

मी ओशाळलो. माफ करा म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि लाकडाकडं वळल्या.

परतताना डोकं भणाणलं होतं. दोन माणसं, दोन्ही खरी. जागा एक, वेळ एक, बोकड एक, कानटोपीवाला एक. आणि गाड्या दोन? दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम होते. मनात जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांवर, सगळ्या ड्रायव्हरांवर, अगदी आमच्या ऑफिसातल्या क्लार्कवरसुद्धा संशय घेऊन झाला. कुणीतरी माझ्या कपाटाच्या किल्लीची नक्कल केली असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

दुपारी वसमत रोडला पोचलो. मिलिंद एलसीबीच्या बाकावर होता, पण शेड बंद नव्हतं. लोकार्पणाची तारीख कुणासाठी थांबणार होती? सुनीता आणि दोन कामगार काम ओढत होते. मी शेडसमोर रस्त्याकडेला उभा राहिलो. समोरच्या टपरीवाल्यानं चहा हातात दिला. आतून कामगारानं गाडी उलटी बाहेर काढायला घेतली. मी बघितलं, जुनीच गाडी, निळा पट्टा, हात न लावलेली. मनात म्हटलं, अजून हिला सुरुवातसुद्धा नाही, मग बाहेर कशाला काढताय? ओरडणारच होतो.

गाडी रस्त्यावर आली, कामगारानं स्टेअरिंग मारलं, आणि ती वळली. दुसऱ्या बाजूनं ती नवी होती. चकचकीत निळ्या-पिवळ्या चौकटी, दारावर चिन्ह, सगळं.

माझा चहा बुटावर सांडला.

मी कामगाराला थांबवलं आणि हे काय म्हणून विचारलं. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाला, साहेब, शेड चिंचोळं आहे. गाडी आत घातली की भिंतीकडची बाजू हाताला येत नाही. म्हणून आधी डावी बाजू पूर्ण करायची, मग गाडी बाहेर काढून फिरवून उलटी घालायची, मग उजवी बाजू. सगळ्या गाड्या अशाच केल्या. मधले एक-दोन दिवस प्रत्येक गाडी अशी अर्धवट असते.

गयाबाई चालत होत्या रस्त्याच्या डाव्या कडेनं. गाडी त्यांना डाव्या अंगानं दिसली. मुंजाजी आप्पांचं रान पलीकडे. त्यांना उजवी बाजू दिसली. दोघांनीही खरं सांगितलं होतं आणि दोघांनाही आम्ही खोटं ठरवायला निघालो होतो.

म्हणजे गाडी एकच. आणि ती तोतया नव्हती. ती आमची होती.

मी आत गेलो. सुनीता कटरजवळ उभी होती. डोळे सुजलेले. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, की डावी बाजू झालेली कोणती गाडी इथून मधेच बाहेर गेली होती? ती कटरवरची शीट सरळ करायला लागली. मी म्हणालो, संध्याकाळी त्याला अटक होईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

"त्यांना मी म्हणलं होतं, नाव सांगून टाका," सुनीता म्हणाली. "तर म्हणले, पोलिसाचं नाव पोलिसाला सांगून कुणाचं भलं झालंय? दोन दिवस बसवतील आन सोडतील. नाव सांगितलं तर जन्मभर इथं धंदा करू देणार न्हाईत."

मग तिनं नाव सांगितलं. ढवळे जमादार.

ढवळेंना मी चांगला ओळखत होतो. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होते. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथं आता वेगळी माणसं आहेत. गोड बोलणारा, सगळ्यांच्या लग्नकार्यात पुढं असणारा माणूस. त्यांच्या ठाण्याला बंदोबस्तासाठी गाडी कमी पडत होती, म्हणून ते ड्रायव्हरला घेऊन शेडमध्ये आले. अर्धवट गाडी बाहेर नेऊ नका, असं मिलिंद म्हणाला. त्यावर, तासाभरात आणून लावतो, तू कुणाला बोलू नको, सोळंकेंना तर अजिबात नको, असं ढवळेंनी त्याला बजावलं. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. रेकॉर्डला ती ऑफ रोड, त्यामुळे कुठं गेली ते कुणाच्या लेखी नाही.

"परत आली तवा मागं लेंड्या पडल्या होत्या," सुनीता म्हणाली. "आमीच झाडून काढल्या."

बाजाराचा दिवस शुक्रवार. त्याच आठवड्यात शनिवारी ढवळे जमादारांच्या घरची कंदुरी होती. परभणीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं नवस फेडायला दर्ग्यावर बोकड कापतात आणि सगळ्या गणगोताला, मित्रमंडळीला जेवू घालतात. हिंदूही करतात, मुसलमानही करतात. तिला कंदुरी म्हणतात. ढवळेंच्या मुलाला नोकरी लागली होती, त्याची ती कंदुरी. सगळं खातं जेवायला गेलं होतं. मी शनिवार धरतो, म्हणून वाचलो.

त्या बाईच्या हातातून दोर ओढून आणलेल्या बोकडावर नवस फेडला. मला चीड आली, आणि त्याहून जास्त किळस आली.

पीआय साहेबांपुढं मी सगळं मांडलं. ते ऐकत होते, पेन बोटांत फिरवत होते. मी बोलायचा थांबल्यावर ते उठून खिडकीशी गेले.

"सोळंके," ते म्हणाले, "तोतया निघाला असता तर सगळ्यांचंच भागलं असतं."

ते खरंच होतं. तोतया कुणाला नको होता? एसपी साहेबांना तपास लागल्याचं समाधान, वर्तमानपत्राला बातमी, खात्याच्या तोंडाला काळं नाही. त्यासाठी एक रेडियमवाला आत गेला असता, एवढंच. साहेबांनी मला फाटेही फोडून बघितले. त्या बाईच्या शब्दाला काय आधार? रेडियमवाल्याची बायको नवऱ्याला वाचवायला काहीही सांगेल. लेंड्या कुणी बघितल्या? आणि बोकड आहे कुठं? मुद्देमालच नाही तर गुन्हा कशाचा?

"मुद्देमाल आता मिळणार नाही," मी म्हणालो. "साहेब, शनिवारी ढवळेंच्या कंदुरीला तुम्ही गेला होतात ना?"

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. माणूस वाईट नव्हता. खात्यातही तपास करावा लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मग त्यांनी स्वतः बाहेर जाऊन मिलिंदला सांगितलं, जा घरी. मिलिंद लगेच उठला नाही. पुन्हा कधी यायचं, असं त्यानं विचारलं. नाही यायचं, असं साहेब दोनदा म्हणाले, तेव्हा तो उठला. माझ्याकडं न बघता निघून गेला.

पीआय साहेबांनी ठरवलं असतं तर अजूनही ते प्रकरण दाबता आलं असतं. त्यांनी नाही दाबलं. त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला बोलावून समोर बसवलं आणि त्यानं पहिल्याच दमात सगळं ओकलं. ढवळे निलंबित झाले. विभागीय चौकशी लागली. लोकार्पण ठरल्याप्रमाणे झालं. मंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि नव्या गाड्या रांगेनं निघाल्या. रस्त्याकडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवायच्या ऐवजी नंबर प्लेटचे फोटो काढत होते.

ढवळे मला एकदा मुख्यालयात भेटले. म्हणाले, एका बोकडापायी घरच्या माणसाच्या पोटावर पाय दिलात. मी त्यांना म्हणालो, घरच्या माणसानं दुसऱ्याच्या घरातला बोकड नेला नसता तर मला तुमचं नावसुद्धा घ्यावं लागलं नसतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. वाईट वाटायचं. वाटायचं नाही म्हणणारे खोटं बोलतात.

मिलिंदनं उरलेल्या गाड्या पूर्ण करून दिल्या. काम नेहमीसारखं चोख. पुढच्या वर्षी पुन्हा काम निघालं, मी निरोप पाठवला, तर तो आला नाही. स्कूल बसचं काम फार आहे, असं सांगितलं. मला खरं कारण कळत होतं. मी आग्रह केला नाही.

त्याआधी, ढवळेंची चौकशी सुरू असतानाच, गयाबाईंचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. आता गाडीची बाब असल्यानं मलाही तपास अंमलदाराबरोबर वस्तीवर पाठवलं. आम्ही तिथं असतानाच ढवळेंचा मेहुणा आला. टेम्पोत एक बोकड. चांगला धिप्पाड, गेलेल्यापेक्षा मोठा असावा. मेहुणा नम्रपणे म्हणाला, मावशी, झालं गेलं विसरा, हा ठेवून घ्या, फक्त साहेबांपुढं तेवढं मिटलं म्हणून सांगा. वस्तीतली सगळी माणसं जमली होती. त्यानं बोकड खाली उतरवला आणि दोर गयाबाईंपुढं धरला.

गयाबाईंनी बोकडाभोवती एक फेरी मारली. कान बघितले, दात बघितले. दोराला मात्र हात लावला नाही.

"ह्यो कुनाचा उचलून आनलाव?" त्यांनी विचारलं.

मेहुणा गडबडला. देवाशपथ विकत आणलाय म्हणाला आणि साक्षीसाठी माझ्याकडं बघायला लागला. अंगावर वर्दी माझ्या होती, त्यानं माझ्याकडंच बघणं साहजिक होतं. पण तोच प्रश्न मलाही पडला होता. दोर तसाच त्याच्या हातात राहिला. थोड्या वेळानं त्यानं बोकड परत टेम्पोत चढवला.

मी आता रिटायर झालो आहे. नव्या पोरांना एमटीत रुजू झाल्यावर कुणी माझ्याकडं पाठवलं, तर डिझेलचं, टायरचं जे सांगायचं ते सांगतो. शेवटी एवढं सांगतो, की तोतया पोलीस फिरतायत म्हणून फिर्याद आली तर बाहेर धावायच्या आधी आपल्या गाड्या मोजा, आणि मोजताना प्रत्येक गाडीला फेरी मारून तिच्या दोन्ही बाजू बघा.